घरची वाट सांगा, पावणं

त्या दिवशी संदीपच्या तोंडाला दारूचा वास येत होता. चांगला भपकारा येत होता, आणि तो मला आला होता. हे मी आजवर कुणापुढं बोललेलो नाही. बायकोपुढं नाही, साहेबांपुढं नाही, आणि ज्यांना ते ऐकायचा सगळ्यात जास्त हक्क होता त्या आण्णांपुढं तर नाहीच. आण्णा गेले. आता लिहायला बसलोय. पण आधी आण्णा कसे होते ते सांगायला पाहिजे, नाहीतर मी काय केलं ते नीट कळायचं नाही.

आण्णा म्हणजे भूपाल मगदूम, वाहतूक शाखेतले हवालदार. कागलच्या अलीकडच्या एका खेड्यातले, जैन शेतकरी घराण्यातले. अंगानं किडकिडीत आणि मिशी मात्र दुसऱ्या कुणाची तरी उसनी आणल्यासारखी भरगच्च. त्यांच्या घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालायचं, त्यामुळं हाताखालच्या प्रत्येकाला ते ‘तम्मा’ म्हणायचे. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मी चाळिशी ओलांडलेला शिपाई, दोन पोरांचा बाप, शिवाजी पेठेत वाढलेला, म्हणजे कुणाला ऐकून न घेणारा. पण आण्णांनी ‘तम्मा’ म्हटलं की बारक्या पोरासारखा उठून उभा राहायचो.

महामार्गावरून खेड्यांकडं वळणाऱ्या फाट्यावर आमची नाकाबंदी असायची. लोखंडी बॅरिकेड, चिंचेचं झाड, झाडाखाली जीप. दिवस कलायला लागला की आण्णा त्या जीपच्या बॉनेटवर डबा उघडायचे. सूर्य मावळल्यावर ते अन्नाला शिवत नसत. बंदोबस्त कसलाही असो, त्यात खंड नाही. एकदा नवीन आलेले इन्स्पेक्टर साहेब नेमके त्याच वेळी येऊन उभे राहिले.

“मगदूम, ड्यूटीवर जेवण?”

आण्णा घास हातात तसाच ठेवून म्हणाले, “साहेब, सूर्याला रजा मागून बघितली, देईना झालाय. या की तुमी बी. शेंगाची चटणी हाय, दही हाय.”

साहेबांना रागवावं की हसावं कळेना. शेवटी त्यांनी उभ्या उभ्या अर्धी भाकरी खाल्ली आणि जाताना म्हणाले, “चटणी कुणी केली?” त्यानंतर ते त्या रस्त्यानं जायचे तेव्हा दिवस मावळायच्या जरा आधीच जायचे.

आमचं काम होतं दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना अडवायचं. तोंडानं फुंकायचं मशीन होतं, पण ते दोन-तीन नाक्यांत मिळून एक. कधी बॅटरी उतरलेली, कधी फुंकायच्या नळ्या संपलेल्या. शंका आलेल्या माणसाला मशीनपर्यंत नाहीतर सरकारी दवाखान्यात रक्ताच्या तपासणीला न्यायचं, आणि ती शंका घ्यायची कुणावर हे रस्त्यावरच ठरवायचं. ते ठरवण्यात आण्णांचा हात धरणारा कोणी नव्हता. जन्मात थेंबाला न शिवलेल्या माणसाला दारूचा वास एवढा कसा कळतो, असं मी सुरुवातीला विचारलं होतं.

“नोकरीला लागलो तवा मला मुद्देमालाच्या खोलीवर पहाऱ्याला लावल्यालं,” ते म्हणाले. “धाड टाकून आणल्याली दारू निस्ती. देशी, हातभट्टी, गोव्याची, सगळी. पावसाळाभर तिच्या उशाला झोपलोय. लगीन झाल्यावर बायकोसंगट बी सलग एवढं ऱ्हायलो न्हाय. मग वळख हुणारच की!”

लोक त्यांना फसवायला काय काय करून यायचे. कोण वेलदोडे चघळत यायचा, कोण कच्चा कांदा. एकानं तर पेरूचा पाला खाल्ला होता, दात हिरवेगार. आण्णा त्याला म्हणाले, “पावणं, शेळी बी एवढा पाला खाऊन मोटरसायकल चालवत न्हाय. उतरा.”

पण त्यांची खरी परीक्षा वासाच्या पुढची होती. रस्त्याकडेच्या पांढऱ्या पट्टीवरून चालायला लावणं त्यांना पटत नसे. म्हणायचे, उसाच्या सऱ्यांत जन्म गेलेल्या म्हाताऱ्याचे गुडघे शुद्धीत असले तरी सरळ पडत नाहीत, आणि पेठेतला कुस्ती खेळलेला गडी बाटली पोटात घालूनसुद्धा पट्टीवरून बैलासारखा चालतो. त्यांचा प्रश्न एकच असायचा. “पावणं, हितनं घरची वाट सांगा. एक बी वळण गाळायचं न्हाय.”

शुद्धीतला माणूस वैतागून का होईना, सांगायचा. पुलाखालनं डावीकडं, दूध संस्थेपासनं आत, मारुतीच्या देवळामागं. पिलेला माणूस मात्र दोन वळणं सांगून एकदम घरात जाऊन बसायचा. मधली वाट त्याच्या डोक्यातून पुसून गेलेली असायची. आण्णा म्हणायचे, “पिल्याला माणूस खोटा नसतो रं, तम्मा. त्याला घाई असती घरला जायाची. त्या घाईनंच मरतोय आन् मारतोय.”

एकदा पेठेतलाच एक गडी सापडला. माझ्याच गल्लीच्या पलीकडचा, फुटबॉलच्या मॅचवरून जिंकून आलेला. त्यानं रंकाळ्यापासून सगळी वाट बिनचूक सांगितली. तालीम, पानपट्टी, पिठाची गिरण, सगळं. आणि मग गप्प.

“फुडं?” आण्णांनी विचारलं.

“फुडं दार.”

“दारातनं आत?”

“आत बायको हाय,” तो म्हणाला आणि बॅरिकेडला धरून खाली बसला. “आण्णा, मला हितंच ठेवा. पाया पडतो.”

आण्णांनी त्याच्यावर केस केली. केस करायची ती ते करायचेच, ओळखपाळख सांगितली तरी. पण मग त्याला चिंचेखाली सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि त्याच्याच फोनवरून त्याच्या घरी फोन लावला. हा त्यांचा कायमचा रिवाज. “वैनी, कागलच्या फाट्यावरनं हवालदार बोलतोय. घाबरू नगासा. मालक आमच्यापाशी हायती, धडधाकट हायती. गाडी मातर आमी ठेवून घेतलीया. कुणालातरी न्यायला लावून द्या.” धडधाकट हा शब्द ते पहिल्या दमातच बोलायचे. पोलिसाचा फोन म्हटलं की बाईच्या पोटात काय होतं ते मला ठाऊक आहे, म्हणायचे. त्यांचे वडील सायकलवरून येताना ट्रकखाली गेले होते. त्या वेळी जो पोलीस दारात आला होता, त्यानं आधी नाव विचारलं, मग गाव विचारलं, मग सायकलचा रंग विचारला आणि सगळ्यात शेवटी काय झालं ते सांगितलं. आण्णांनी हे मला एकदाच सांगितलं.

मग कोरोना आला. दुसऱ्या लाटेत आण्णा आडवे झाले आणि बरे होऊन परत आले. मिशी तेवढी पांढरी झाली होती. मशीनमध्ये फुंकायला लावणं तेव्हा बंदच होतं, त्यामुळं सगळी भिस्त पुन्हा वासावर आणि बोलण्यावर. एका दुपारी उन्हात राहिलेला त्यांचा डबा उघडला आणि मला लांबूनच भपकारा आला. आमटी आंबली होती, वर फेस आला होता. आण्णा भाकरी कुस्करून ती मजेत खात होते.

“आण्णा, आंबलीय ती!”

त्यांनी हसून माझ्याकडं बघितलं. मग डब्याकडं बघितलं. डबा नाकाशी नेला, बराच वेळ धरला आणि हळूच झाकण लावलं.

“परत आल्यापासनं काय बी येत न्हाय,” ते म्हणाले. “उदबत्तीचा न्हाय, रॉकेलचा न्हाय. म्हटलं यील. डॉक्टर बी म्हणतोय यील.”

“मग साहेबांना सांगा की.”

“सांगितलं तर कागदं लावाय बसवत्यात मला. रिटायरला थोडं ऱ्हायलंय, तम्मा. हितनं गाव दिसतंय, चिच हाय. हितंच संपू दे की.”

मी साहेबांकडं गेलो नाही. मग आमच्या दोघांत एक व्यवस्था ठरली. बोलून ठरली नाही, पडत गेली. गाडी थांबली की मी पुढं व्हायचं, लायसन मागायचं. वास आला तर ते लायसन आण्णांच्या हातात डाव्या हातानं द्यायचं, नाहीतर उजव्या. डावा हात दिसला की आण्णा घरची वाट विचारायला सुरुवात करायचे. उजवा दिसला की “सावकाश जावा पावणं” म्हणून सोडून द्यायचे. माझ्या उजव्या हातावर त्यांनी कधी वरनं प्रश्न विचारला नाही. लोक म्हणायचे, आण्णांचं नाक अजून तस्संच हाय. आण्णा मिशीतल्या मिशीत हसून माझ्याकडं बघायचे. त्या दिवसांत आम्ही दोघं मिळून एक माणूस होतो. नोकरीत मला एवढं सुख परत मिळालं नाही.

संदीप माझा मेहुणा, बायकोचा सगळ्यात धाकटा भाऊ. सासरवाडीला म्हाई होती, म्हणजे देवीचं जेवण. गावजेवण, बकरी, घरोघरी पावणे. मला रजा मिळाली नव्हती. दुपार कलल्यावर कागलकडनं एक मोटरसायकल आली, मी हात केला, आणि बघतो तर संदीप. हँडलला कडीचा डबा लटकलेला.

“दाजी,” तो हळू आवाजात म्हणाला, “ताईला मटान घेऊन चाललोय. तुमालाबी हाय त्यात.”

रश्श्याचा वास येत होता आणि त्याच्या वर दारूचा. डोळे तांबारलेले. आण्णा दहा-बारा पावलांवर जीपला टेकून उभे होते. ते संदीपला ओळखत नव्हते.

मी पुष्कळदा आठवून बघितलंय की त्या क्षणी मी काय विचार केला. त्याचं लग्न तोंडावर आलं होतं, ते आठवलं का? बायको काय म्हणेल, सासू काय म्हणेल, हे मनात आलं का? नंतर स्वतःला मी ही सगळी कारणं दिली. खरं असं आहे की मी काहीच विचार केला नाही. मी लायसन घेतलं, वळलो आणि उजवा हात पुढं केला.

आण्णांनी ते वाचलंसुद्धा नाही. परत दिलं. “सावकाश जावा पावणं.”

पुढच्याच गावाच्या वळणावर हौसाबाई दुधाची किटली घेऊन रस्त्याच्या कडेनं संस्थेत चालली होती. नवरा नसलेली बाई, दोन म्हशींवर घर चालवणारी. संदीपची गाडी तिच्या अंगावर गेली. तिचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

संदीप पळाला नाही. दवाखान्यात त्याच्या रक्ताची तपासणी झाली. तिथंच त्यानं सांगून टाकलं की आत्ताच फाट्यावर पोलिसांनी मला तपासून सोडलं. माझं नाव मात्र त्यानं घेतलं नाही. संध्याकाळी साहेबांनी आम्हाला दोघांनाही बोलावलं. बाहेरच्या बाकावर बसलो असताना आण्णांनी पहिल्यांदा विचारलं, “तम्मा, तुझा मेहुणा व्हय रं तो?”

“व्हय आण्णा.”

“तुला बी वास न्हाय आला?”

“न्हाय आण्णा.”

ते म्हणाले, “मास्क व्हता न्हवं तुझा. कसा यील?”

माझा मास्क दिवसभर हनुवटीवर होता. हे आण्णांनी बघितलं होतं. आपल्याला खोटं बोलणं जड जातंय असं दिसल्यावर कुणीतरी पुढं होऊन हातातलं ओझं घ्यावं, तसं ते बोलले. आणि मी मान हलवली.

आत गेल्यावर साहेबांनी विचारलं, बॅरिकेडपाशी कोण होतं? मी तोंड उघडायच्या आत आण्णा म्हणाले, “मी व्हतो साहेब. ह्यो जीपपाशी व्हता. कोरोनापासनं मला वास येत न्हाय. मी ते लपवलं. चूक माझी हाय.” साहेब त्यांच्याकडं बघतच राहिले. त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा आण्णांनी तेच सांगितलं. डाव्या-उजव्या हाताचा शब्द काढला नाही.

त्यांना कळलं होतं का? मला कळलेलं नाही. कधी वाटतं, माझा हात पुढं आला तेव्हाच त्यांना काहीतरी दिसलं असणार. कधी वाटतं, नाही, ते खरंच मानत होते की नाक गेल्याचं वेळेवर सांगितलं असतं तर तिथं धड नाकाचा माणूस उभा राहिला असता आणि हौसाबाईचा पाय वाचला असता. यातलं कुठलंही खरं धरलं तरी माझी सुटका नाही.

चौकशीत त्यांच्यावर ठपका ठेवला. उरलेली नोकरी ऑफिसात कागद लावण्यात गेली, ज्याला ते भीत होते तेच. तिथली पोरं येता-जाता टोचायची. “आण्णा, आज डब्यात काय हाय, वास घेऊन सांगा की!” आण्णा म्हणायचे, “तुमच्या आईच्या हातचं असंल तर चांगलंच असणार.” निरोपसमारंभाला एक शाल, एक नारळ. भाषण कुणी केलं नाही. मी मागच्या रांगेत बसलो होतो.

रिटायर झाल्यावर आण्णा काय करतात ते मला फार उशिरा कळलं. ते रोज सकाळ-संध्याकाळ सायकलवरून हौसाबाईच्या गोठ्यात जायचे. त्यांचं गाव तिथून जवळच. वैरण टाकायची, शेण काढायचं, धारा काढायच्या, दूध संस्थेत घालून यायचं. हौसाबाई पहिल्यांदा त्यांना दारात उभं करत नव्हती म्हणे. पुढं कुबड्यांवर चालायला लागली तेव्हा तीच म्हणाली, “आण्णा, आता माझं भागतंय. तुमी या वयात कशाला?” त्यावर आण्णांचं उत्तर असं की, “अक्का, म्हशीला माझा हात लागलाय. न्हाय आलो तर ती आटंल आन् शिव्या मला बसतील.” गावात आधी लोक हसले. मग हसायचं सोडलं. मग त्यांच्यासाठी संस्थेच्या कट्ट्यावर कुणीतरी पोतं अंथरून ठेवायला लागलं.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी सांगायचं ठरवून तिथं गेलो. गाडीवर सगळी वाक्यं जुळवली होती. आण्णा म्हशीखाली उकिडवे बसले होते, गुडघ्यांत चरवी. मला बघून धार थांबवली नाही.

“ये तम्मा. लांबनंच बस, ही नव्या माणसाला लाथ मारती.”

मी दारातल्या दगडावर बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “आण्णा, वास यायला लागला का परत?”

“न्हाय रं. आता लागतोय कशाला? म्हशीला काय, हात पायजे.” थोड्या वेळानं म्हणाले, “मेहुण्याचं लगीन झालं का?”

पहिलं ठरलेलं मोडलं होतं, मग दुसरीकडं जमलं होतं. मी सांगितलं. आण्णांनी मान डोलावली. “बरं झालं. पोरगं वाईट न्हाय. अक्का सांगत व्हती, गाडी यीस्तवर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलं व्हतं, आन् रडत व्हतं. पळून ग्येलं असतं तर कुणी धरलं असतं?”

मी म्हणालो, “आण्णा, त्या दिवशी...”

ते उठले. चरवीतलं दूध किटलीत ओतलं, वर फडकं बांधलं. माझ्याकडं न बघता म्हणाले, “संस्था बंद व्हईल, तम्मा. चल, येतो मी. अक्काकडं चा पिऊन जा. तिला कुणी बोलाया बसलं की बरं वाटतंय.”

मी चहाला थांबलो नाही. दारातून त्यांना जाताना बघत उभा राहिलो. किटली हँडलला न लावता ते ती हातातच घेऊन निघाले होते, दुसऱ्या हातानं सायकल ढकलत. किटलीच्या बाजूचा खांदा खाली गेलेला. संस्थेच्या दारात बायकांची रांग होती. ते रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले आणि पुढच्या बाईनं मागं वळून काहीतरी म्हटल्यावर मोठ्यानं हसले. तेवढंच मी पाहिलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी झोपेतच ते गेले.

मी अजून खात्यात आहे. आण्णांच्या सेवापुस्तकात जो ठपका आहे, तो माझा आहे. तो माझ्या नावावर करून घ्यायला साहेबांपुढं उभं राहायचं बाकी आहे. आणि त्याच्या आधी हौसाबाईच्या दारात जाऊन तिला सांगायचं बाकी आहे की त्या दुपारी वास आला होता, मला आला होता, आणि आण्णांना मी ते कळू दिलं नव्हतं. तिला अजून वाटतं की आण्णांच्या चुकीनं तिचा पाय गेला, आणि तिनं त्यांना माफ केलंय. ती माफी तिनं भलत्याच माणसाला दिली. मी अजून गेलेलो नाही.